बंदर वाढवणारे आधी काय मोजतात? बीडच्या उद्योजकाने शिकायच्या सहा गोष्टी



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतोय. "सर, पालघरला वाढवण बंदर होतंय. जालन्याला ड्रायपोर्ट होतोय. समृद्धी पूर्ण झाली, बीडला रेल्वे आली. मग आत्ताच कर्ज काढून गोदाम टाकू का? मागाहून जागा महाग झाली तर?"

प्रश्न चांगला आहे, कारण यात तुमचे खरे पैसे अडकणार आहेत. म्हणून "टाका" किंवा "टाकू नका" असं एका शब्दात उत्तर देणार नाही. त्यापेक्षा एक काम करू. बंदर बांधणारे आणि वाढवणारे लोक स्वतः निर्णय कसे घेतात ते बघू. हजारो कोटी घालण्याआधी ते काय मोजतात, कुठे फसतात, कुठे थांबतात, हे कळलं की तुमच्या वीस-तीस लाखांचा निर्णय सोपा होईल.

आधी एक शंका मिटवू. आपल्या बीडला समुद्र नाही, मग बंदराचा आपल्याशी संबंध काय?

संबंध आहे. गेवराई, माजलगाव, वडवणी भागातला कापूस जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते. ती गाठ देशातल्या सूतगिरणीत जाते किंवा कंटेनरमध्ये बसून बंदरावर जाते. आष्टी-कडा भागाचा कांदा, जिल्ह्यातलं सोयाबीन, केशर आंबा, सगळ्यांचा भाव परदेशातल्या मागणीशी कुठे ना कुठे जोडलेला आहे. बीडच्या सीताफळाला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे बंदर आपल्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर लांब असलं, तरी तिथली अडचण शेवटी आपल्या भावातून कापली जाते.

चला, आता एकेक गोष्ट घेऊ.

पहिली गोष्ट: आधी माल, मग जागा

आज आपण ज्याला जेएनपीए म्हणतो ते उरणजवळचं न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. का बांधलं? मुंबई बंदरावर गर्दी झाली होती. जुन्या गोद्या शहराच्या पोटात, मागे जागा नाही, ट्रक अडकायचे. माल होता, जागा नव्हती. त्या गरजेतून खाडीच्या पलीकडे नवं बंदर आलं.

आता बघा, ते वाढलं कसं. सुरुवातीला कंटेनरसाठी फक्त ६८० मीटर लांबीचा धक्का होता. १९९७ मध्ये खासगी कंपनीशी करार झाला आणि १९९९ मध्ये दुसरं टर्मिनल सुरू झालं. भारतातलं ते पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल. २००६ मध्ये तिसरं मोठं टर्मिनल चालू झालं. २०१८ मध्ये चौथ्याचा पहिला टप्पा आला, एक किलोमीटर धक्क्याचा. त्याच टर्मिनलचा दुसरा टप्पा, आणखी एक किलोमीटरचा, सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाला.

म्हणजे ३६ वर्षं हे बंदर वाढतंच आहे, पण एकदम नाही. प्रत्येक वेळी आधीची जागा भरत आली की पुढची जागा उघडली.

आज त्याचा आवाका केवढा आहे? बंदराची मोजणी टीईयू या मापात होते. २० फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, ४० फुटी म्हणजे दोन. २०२४-२५ या आर्थिक वर्षात न्हावा शेवाने सुमारे ७३ लाख टीईयू हाताळले. भागाकार करा. रोजचे वीस हजार!

तुमच्यासाठी यात काय आहे? तुमची डाळ मिल असो, शेवया-पापडाचं युनिट असो, नाहीतर शेळीखाद्याचा कारखाना. "जागा घेतली की ऑर्डर येतील" असं म्हणणारा माणूस उलट्या बाजूने चाललाय. आधी विचारा: आत्ताची क्षमता वर्षातले किती महिने पूर्ण वापरली जाते? वर्षातले दोनच महिने, दिवाळीच्या आधी, तुम्हाला जागा कमी पडत असेल, तर त्या दोन महिन्यांसाठी गोदाम भाड्याने घ्या. नवं बांधू नका. आठ-दहा महिने सलग मशीन पूर्ण चालतंय आणि ऑर्डर परत पाठवाव्या लागतायत, तेव्हाच वाढीचा विचार करा.

दुसरी गोष्ट: सगळ्यात अरुंद जागा शोधा

धक्का लांब केला, क्रेन आणल्या, तरी जहाज आत येणार कुठून? समुद्रातून धक्क्यापर्यंत जहाजासाठी एक खोल वाट लागते. जगातली कंटेनर जहाजं गेल्या तीस वर्षांत अवाढव्य झाली. मोठं जहाज पाण्यात खोल बुडतं. वाट उथळ असली तर ते भरतीची वाट बघत बाहेर उभं राहतं, किंवा येतच नाही.

म्हणून न्हावा शेवाला टर्मिनलं बांधण्याबरोबरच तळातला गाळ आणि खडक काढून वाट खोल करण्याचं काम टप्प्याटप्प्याने करावं लागलं. बाहेरून बघणाऱ्याला हे काम दिसत नाही. फीत कापायला तिथे कुणी जात नाही, कारण सगळं पाण्याखाली. पण ते झालं नसतं तर वरचा सगळा खर्च निम्म्या कामाचा राहिला असता.

आता हेच तुमच्या युनिटमध्ये बघा. समजा तुमचं मसाल्याचं युनिट आहे. भाजायची क्षमता दिवसाला ३०० किलो, दळायची २५० किलो, आणि पॅकिंग हाताने होतं, १०० किलो. तर तुमच्या युनिटची क्षमता किती? १०० किलो! आणि आपण काय करतो? मशीनवाला येतो, चकचकीत नवी गिरणी दाखवतो, सबसिडी मिळते म्हणतो, आणि आपण दळायची क्षमता ५०० करून बसतो. पॅकिंग तिथेच. आता दळलेला मसाला पिंपात पडून वास सोडतोय.

कागदावर एका ओळीत तुमच्या कामाच्या पायऱ्या लिहा. प्रत्येकीखाली दिवसाची क्षमता लिहा. सगळ्यात छोटा आकडा जिथे आहे, पहिला रुपया तिथे घाला. कित्येकदा ती जागा मशीनची नसतेच. उधारी वसूल होत नाही म्हणून कच्चा माल घेता येत नाही, ही तुमची उथळ वाट असते. मग गाळ तिथला काढायला हवा.

तिसरी गोष्ट: माल आत आला, बाहेर कसा जाणार?

मुंबई बंदराच्या एका प्रकल्पातून ही गोष्ट फार स्पष्ट कळते. मुंबई बंदराने समुद्रात थोडं बाहेर एक नवं कंटेनर टर्मिनल आखलं. २००७ मध्ये खासगी गटाशी करार झाला. योजना अशी की जहाज बाहेरच्या धक्क्याला लागेल, आणि कंटेनर ठेवायला जागा मिळावी म्हणून प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या गोद्या बुजवायच्या. धक्के उभे राहिले. पण गाळ काढणं, भराव, मागची जागा, रेल्वेने माल बाहेर काढायची सोय, या गोष्टी वेळेत जुळून आल्या नाहीत. ठरल्याप्रमाणे कंटेनर टर्मिनल म्हणून ते चाललंच नाही. तात्पुरती सोय म्हणून तिथून मोटारगाड्या आणि पोलाद जात राहिलं.

एवढा मोठा धक्का बांधून झाला, पण त्यावर उतरलेला माल गजबजलेल्या शहरातून बाहेर काढायची वाट आणि इतर कामं वेळेवर जमली नाहीत. करारात दोन पक्ष असतात. एकाने आपलं काम केलं आणि दुसऱ्याचं राहिलं, तरी नुकसान दोघांचं होतं.

न्हावा शेवालाही हा ताण आहेच. दिल्लीजवळच्या दादरीपासून न्हावा शेवापर्यंत फक्त मालगाड्यांसाठी सुमारे १,५०६ किलोमीटरचा वेगळा रेल्वेमार्ग आखला गेला. त्यातला वैतरणा ते न्हावा शेवा हा बंदराकडचा टप्पा सगळ्यात शेवटी राहिला. नकाशावर तो तुकडा छोटा दिसतो, पण दाट वस्ती, डोंगर, खाडी आणि जमिनीचे प्रश्न तिथेच.

तुमच्या धंद्यात याचा अर्थ काय? गावाबाहेर स्वस्त जागा मिळाली म्हणून शेड टाकली. पण पावसाळ्यात शेवटच्या एक किलोमीटर चिखलात गाडी येत नाही. थ्री-फेज वीज आठ तास. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "पाच टनांच्या खाली गाडी पाठवत नाही." मग स्वस्त जागा स्वस्त राहिली का? जागेचा सौदा करण्याआधी भर पावसात एकदा तिथे भरलेला टेम्पो नेऊन बघा. आणि दुसऱ्याने करायचं काम, म्हणजे रस्ता, वीज, पाणी, ते कधी होणार हे तोंडी ऐकू नका. लेखी मंजुरी बघा.

चौथी गोष्ट: कुठला पैसा कुणाचा, आणि कुठल्या टप्प्यात

आता वाढवणकडे येऊ. डहाणूजवळ, पालघर जिल्ह्यात. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी याला मंजुरी दिली. खर्च ७६,२२० कोटी रुपये, त्यात जमीन संपादनही आलं. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली.

आकडे बघा. प्रत्येकी एक किलोमीटर धक्क्याची नऊ कंटेनर टर्मिनलं. समुद्रात १,४४८ हेक्टरचा भराव. लाटा अडवायला दहा किलोमीटरहून लांब भिंत. पूर्ण झाल्यावर वर्षाला सुमारे २ कोटी ३२ लाख टीईयूंची क्षमता, म्हणजे न्हावा शेवाच्या २०२४-२५ च्या कामाच्या तिप्पट. जागा तिथेच का? कारण तिथे किनाऱ्याजवळ नैसर्गिक खोली आहे, सुमारे वीस मीटर. आपली दुसरी गोष्ट आठवली ना? उथळ वाटेची अडचण इथे जागा निवडतानाच सोडवलीय.

पण आपल्याला बघायचंय ते पैशाचं वाटप. प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढली. त्यात जेएनपीएचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के. भराव, लाटा अडवणारी भिंत असा पाया ही कंपनी उभारणार. टर्मिनलं आणि त्यावरची यंत्रं खासगी भागीदारीतून. महामार्गाला जोडणारा रस्ता रस्ते मंत्रालय बघणार, रेल्वेची जोडणी रेल्वे मंत्रालय. आणि सगळं एका झटक्यात नाही, टप्प्यांत.

न्हावा शेवानेही हाच रस्ता धरलाय. २०२२ मध्ये त्यांनी स्वतः चालवत असलेलं कंटेनर टर्मिनलही खासगी गटाला तीस वर्षांच्या कराराने दिलं. आता बंदर म्हणजे घरमालक. जागा, वाट, नियम त्याचे. क्रेन, माणसं, रोजचं काम भाडेकरूचं. देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांत पूर्णपणे असा घरमालक झालेलं हे पहिलं बंदर.

आपण छोटे उद्योजक मात्र सगळं स्वतःच विकत घ्यायला जातो. जागा माझी, शेड माझी, मशीन माझं, टेम्पो माझा. मग खेळतं भांडवल शून्य! कच्चा माल उधारीवर. मित्रांनो, तुमच्या धंद्याचा पाया काय ते ओळखा. चव, कृती, ग्राहक, शेतकऱ्यांशी संबंध, हे तुमचं स्वतःचं ठेवा. बाकीचं भाड्याने, करारावर, जॉबवर्कवर चालतंय का बघा. टेम्पो भाड्याचा, कोल्ड स्टोरेज भाड्याचं, दळण जॉबवर्कवर. अंथरूण पाहून पाय पसरा, असं आपली म्हातारी माणसं म्हणतात. बंदरं तेच करतायत, फक्त त्यांचं अंथरूण मोठं आहे.

आणखी एक. फेब्रुवारी २०२० मध्ये वाढवणला तत्त्वतः मंजुरी मिळाली तेव्हा अंदाज ६५,५४५ कोटींच्या आसपास होता. चार वर्षांनी मंजूर झाला तो ७६,२२० कोटींचा. तज्ज्ञांची फौज असलेल्या प्रकल्पाचा अंदाज बदलतो, तर आपल्या शेडचं कोटेशन जसंच्या तसं राहील का? कर्जाचा प्रस्ताव करताना कोटेशनवर पंधरा-वीस टक्के वाढीव धरूनच हिशोब मांडा.

पाचवी गोष्ट: ज्याचं जातं त्याच्याशी आधी बोला

नकाशावर बंदर काढलं की तिथे आधीच कुणीतरी राहत असतं. न्हावा शेवा आणि नवी मुंबईसाठी उरण-पनवेल भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली.

वाढवणचंच बघा. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. त्यावर देखरेखीला न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमलं गेलं. १९९८ मध्ये त्या प्राधिकरणाने इथल्या बंदराला नकार दिला. विषय जवळजवळ दोन दशकं थंड पडला. पुन्हा उठला, २०२३ मध्ये प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली, एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या, मग वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मच्छीमारांचं म्हणणं साधं आहे: आमची मासेमारीची जागा जाणार, आम्ही खायचं काय? एका बाजूला रोजगाराचे मोठे आकडे आहेत, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा चालता धंदा. उद्योजक म्हणून दोन्ही बाजू समजून घ्या. मच्छीमारसुद्धा आपल्यासारखाच छोटा उद्योजक आहे. त्याची होडी, त्याचं जाळं, त्याचं कर्ज.

बीडमध्ये हा प्रश्न लहान रूपात रोज येतो. भट्टीचा धूर शेजारच्या घरात जातो. धुण्याचं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर जातं. बोअर तुम्ही ४०० फूट नेता आणि बाजूच्याची विहीर आटते. दुष्काळी जिल्हा आहे आपला, पाण्यावरून माणसं बोलायची बंद होतात. ग्रामपंचायतीची कागदं तर लागतीलच, पण त्याआधी शेजाऱ्यांना चहाला बोलवा. काय करणार, किती पाणी लागणार, सांडपाण्याचं काय करणार, हे सांगा. जमलं तर पहिल्या चार नोकऱ्या त्याच वस्तीत द्या. एका तक्रारीने युनिट सहा महिने बंद पडू शकतं, आणि हप्ता काही बंद पडत नाही.

सहावी गोष्ट: घोषणेच्या तारखेवर कर्ज काढू नका

आता मूळ प्रश्न. जालन्याजवळ दरेगावला जेएनपीटीच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन डिसेंबर २०१५ मध्ये झालं. कल्पना छान आहे. कंटेनर जालन्यातच भरायचा, सीमाशुल्काची कागदं तिथेच करायची, आणि सील लावून रेल्वेने थेट बंदरावर. बीडहून गेवराई, शहागड, अंबडमार्गे जालना शंभर-सव्वाशे किलोमीटर. आपल्याला फायदाच. पण भूमिपूजनानंतर वर्षांमागून वर्षं गेली, आणि मध्येच आराखडा बदलून बहुविध वाहतुकीच्या लॉजिस्टिक पार्कचा झाला.

समृद्धीचंही तसंच टप्प्यांत झालं. ७०१ किलोमीटरपैकी नागपूर-शिर्डी डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. आणि आपली रेल्वे? अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गासाठी आपल्या आजोबांनी निवेदनं दिली. बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी.

गोष्टी होतात. पण जाहीर तारखेला होतीलच असं नाही. आता याचा हिशोब करू. समजा तुम्ही ४० लाखांचं कर्ज काढलं, ११ टक्के व्याज, सात वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण ६८,५०० रुपये. ज्या सोयीच्या भरवशावर गोदाम बांधलं ती तीन वर्षं उशिरा आली, तर ३६ हप्ते म्हणजे साडेचोवीस लाखांहून जास्त पैसे गोदाम रिकामं असताना गेले! सरकारी प्रकल्पाला तीन वर्षांचा उशीर सोसतो, फाइल पुढे सरकते. तुमच्या घराला तो सोसत नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, अशी गत व्हायला नको.

म्हणून माझा नियम सांगतो. ड्रायपोर्ट, वाढवण, नवा रस्ता यांतलं काहीच आलं नाही असं धरून हिशोब मांडा. तरीही धंदा नफ्यात दिसतोय? मग करा. सोय आली तर तो वरचा फायदा. सोय आल्याशिवाय हिशोब बसतच नसेल, तर थांबा. जागा बांधण्याऐवजी ओळखी बांधा, माल सुधारा.

मग बीडमध्ये बसून आत्ता काय करायचं?

थांबा म्हणजे हातावर हात ठेवून बसा असं नाही. बंदरासारखेच तुमचेही टप्पे करा.

पहिला टप्पा, दुसऱ्याच्या कंटेनरमधून जा. मोठा निर्यातदार तुमच्याकडून माल घेतो आणि स्वतःच्या नावाने पाठवतो. नफा कमी, पण कुठली प्रत चालते, ओलावा किती चालतो, पॅकिंग कसं लागतं, हे शिक्षण फुकट मिळतं.

दुसरा टप्पा, स्वतःची कागदं. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, शुल्क ५०० रुपये. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावा लागतो, हे विसरू नका. शेतमाल आणि प्रक्रिया पदार्थांसाठी अपेडाची नोंदणी, बँकेचा एडी कोड, जीएसटीचं एलयूटी. भाजीपाला-फळांना पीक आरोग्य प्रमाणपत्र लागतं. सीमाशुल्काच्या कामाला परवानाधारक एजंट लागतो. दोन-तीन एजंटांकडून लेखी दर घ्या.

तिसरा टप्पा, भागातला कंटेनर. २० फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. तेवढा माल तुमच्याकडे नसेल तर दोन-चार घनमीटरची जागा घेता येते. बाकी जागेत इतरांचा माल जातो. त्याहूनही छोटं पार्सल असेल तर टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. जवळचं कुठलं ते मुख्य टपाल कार्यालयात विचारा.

चौथा टप्पा, स्वतःचा पूर्ण कंटेनर. पण आधी पैशाची सुरक्षा. नव्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम किंवा बँकेचं पतपत्र, आणि उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा बघा.

सीताफळवाल्यांना वेगळं सांगतो. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. ते ताजं बंदरावर न्यायचा नाद धरण्यापेक्षा गर काढून गोठवून ठेवणं जास्त जमणारं आहे. पण त्यात उणे तापमानाची साखळी कुठेही तुटून चालत नाही. म्हणजे तुमची अरुंद जागा वीज आणि शीतगाडी. आधी तीच तपासा. न्हावा शेवाला २७ एकरांवर सुमारे २८४ कोटींचं शेतमाल प्रक्रिया आणि साठवण केंद्र मंजूर झालंय. ते चालू झालं की चौकशी जरूर करा. पण आपला नियम इथेही लागू, त्याच्या भरवशावर आज कर्ज नाही.

या आठवड्याचं काम

वही काढा आणि सहा उत्तरं लिहा.

१. माझी आत्ताची क्षमता वर्षातले किती महिने पूर्ण भरते?
२. माझ्या कामातली सगळ्यात अरुंद पायरी कुठली, आणि ती रुंद करायला किती खर्च येईल?
३. माल आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट पावसाळ्यात, लोडशेडिंगमध्ये चालते का?
४. कुठल्या गोष्टी स्वतःच्या हव्यात आणि कुठल्या भाड्याने चालतील? पहिला टप्पा किती रुपयांचा?
५. माझ्या वाढीने कुणाचं काही जाणार आहे का? त्याच्याशी मी बोललो का?
६. कुठलाही सरकारी प्रकल्प आला नाही तरी माझा हप्ता निघतो का?

सहाव्याचं उत्तर "नाही" असेल, तर बँकेत जाण्याआधी पहिल्या पाचांवर परत काम करा. "हो" असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्या चालू असलेल्या योजना विचारा आणि प्रस्ताव तयार करायला घ्या. ही वही सोबत न्या. बँकेचा साहेब जे प्रश्न विचारेल त्यातले बरेचसे तुम्ही आधीच सोडवलेले असतील.

पुढच्या व्हिडिओत प्रकल्प अहवाल कसा लिहायचा ते आकड्यांसह बघू. त्याआधी ही सहा उत्तरं लिहून ठेवा, कारण अहवालाची सुरुवात आपण तिथूनच करणार आहोत.